पुढच्या काचेवरचा साक्षीदार

मी मोटारीच्या पुढच्या काचेला, आरशामागे चिकटवलेला छोटा कॅमेरा. बोलणं माझं काम नव्हे. बघायचं आणि साठवायचं, एवढंच. पण जे साठवलं होतं ते आता माझ्याजवळ उरलेलं नाही, म्हणून बोलावं लागतंय.

बंगळुरूच्या एचएसआर लेआउट वस्तीत राहणाऱ्या क्षितिजने मला वडिलांसाठी आणलं. वडील, अरविंदराव, सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. "बाबा, कुठे धडक झालीच तर आधी फोटो काढा, पोलिसांना कळवा आणि कुणाला सॉरी म्हणू नका. बाकीचं हा बघेल," असं सांगून त्याने मला काचेवर दाबलं.

अरविंदरावांनी माझी माहितीपुस्तिका पेन्सिलीने खुणा करत वाचली. माझी साठवण लहान. ती भरली की मी जुनं पुसून त्यावर नवं चित्रण करतो. एखादा प्रसंग जपायचा असेल तर माझं लाल बटण दाबावं लागतं. हे सगळं त्यांनी पत्नीला, सुलभाबाईंनाही समजावलं. "मला कशाला सांगता? गाडी तुम्ही चालवता," त्या म्हणाल्या.

खरं तर धक्का बसला की ते चित्रण मी आपोआप राखून ठेवायचो. पण बंगळुरूच्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा मला अपघातच वाटे. मी सारखा टुंग टुंग करायचो. अरविंदराव दचकून ब्रेक दाबायचे आणि मागचे हॉर्न वाजवायचे. शेवटी त्यांनी माझी ती सोय बंद करून टाकली.

मुळात ते गाडी चालवायचे भीतभीतच. सिग्नल ओलांडून पुढे गेल्यावरसुद्धा स्वतःशी पुटपुटायचे, "हिरवाच होता ना?"

शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या औद्योगिक वसाहतीत त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा कारखाना आहे. तिथे ते अधूनमधून सल्ला द्यायला जात. एका दुपारी परतताना सिग्नल हिरवा होता, गाडी सावकाश चालली होती आणि समोरून उलट्या दिशेने एक स्कूटर आली. स्कूटरवाला मान वळवून मागे बघत होता. तो आमच्या बंपरवर आदळला आणि त्याचा पाय स्कूटरखाली अडकला. मी सगळं पाहिलं.

अरविंदराव उतरले ते हात जोडूनच. "सॉरी, सॉरी, तप्पायतु," म्हणजे माझं चुकलं, असं म्हणतच. दुसऱ्या कुणाचा पाय चुकून लागला तरी स्वतःच नमस्कार करणारा माणूस, तो आणखी काय करणार? ना फोटो, ना पोलीस. त्या मुलाला, हरीला, मागच्या सीटवर आडवं करून त्यांनी थेट दवाखाना गाठला. माझं बटण राहिलं ते राहिलंच.

मग रोज दवाखाना. सुलभाबाई मऊ भात आणि मेतकूट डब्यात द्यायच्या, कधी स्वतःही सोबत यायच्या. येता-जाताना मी चित्रण करत होतो. बस, रिक्षा, दवाखान्याचं फाटक, पुन्हा तेच फाटक. आणि प्रत्येक फेरीला माझ्यातलं जुनं थोडं थोडं पुसलं जात होतं. ओरडून सांगायला मला तोंड नव्हतं.

हरी घरी गेला आणि त्याच्या अण्णाने, थोरल्या भावाने, पोलिसांत तक्रार दिली. गाडी बेदरकारपणे चालवली म्हणे. "चूक नसती तर एवढा मोठा माणूस रोज डबा घेऊन कशाला आला असता?" हा त्याचा सवाल. चौकीतल्या लोकांनाही तो पटला.

तेव्हा अरविंदरावांना मी आठवलो. घाईघाईने त्यांनी माझ्यातलं कार्ड काढून संगणकात घातलं. पडद्यावर फाटक. पुन्हा फाटक. मांडीवर डबा घेऊन गाडीत बसताना सुलभाबाईंचा आवाज. त्यापलीकडे काहीच नाही.

"नसता गेलात रोज, तर?" सुलभाबाईंनी हळूच विचारलं.

"बरं दिसलं असतं का ते?"

वकिलांनी विचारलं, सिग्नल हिरवा होता ना? "होता. म्हणजे, असावा," अरविंदराव म्हणाले. वकिलांनी पेन खाली ठेवलं. "सर, कोर्टात 'असावा' म्हणू नका."

एकदा ते हरीच्या खोलीवर जाऊन आले. परतताना, गाडीत थांबलेल्या सुलभाबाईंना त्यांनी त्याचे शब्द सांगितले. "मला खरंच आठवत नाही, अज्जा. डोळे उघडले तेव्हा तुम्ही दिसलात. हात जोडलेले."

त्यानंतर अरविंदराव बदलले. एवढे हात जोडले होते म्हणजे काहीतरी चुकलंच असणार, असं त्यांना वाटू लागलं. क्षितिजने वाद घातला, वकिलांनी समजावलं. कोर्टात त्यांनी सांगितलं, "चूक माझीच असावी." शिक्षा फार मोठी झाली नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

आता गाडीवर खाकी आच्छादन आहे. बॅटरी उतरली आहे. सुलभाबाई कधी खाली येतात, आच्छादनावरची पानं झटकतात आणि वर जातात. गाडी विकली जाईल तेव्हा मलाही कुणी ओढून काढेल.

तुमच्या काचेवर माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याच्यावर विसंबू नका. माणूस पडला असेल तर जरूर धावा, पण दार उघडण्याआधी एकदा ते बटण दाबा.

सिग्नल हिरवा होता. मी पाहिला होता. मात्र दाखवायला माझ्याजवळ काही नाही, आणि या आच्छादनाखालच्या काळोखात हल्ली मीही स्वतःशी पुटपुटतो, हिरवाच होता ना?