चाळीस प्रश्न आणि मी, चार नंबरचा संगणक

मी चार नंबरचा संगणक बोलतोय, चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या एका जुन्या वाचनालयातला. गोडगोड ऐकायचं असेल तर शेजारच्या पाच नंबरकडे जा, तो अजून नवा आहे. माझ्यासमोरची खुर्ची एका बाईची होती. ती तिच्याकडून कशी काढून घेतली तेवढं मला सांगायचंय.

नऊ वर्षांपूर्वी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी मला खोक्यातून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी कपाळाला चंदन-कुंकू लागलं, हार घातला, आणि मग दीड महिना मला कुणी हात लावला नाही. बिघडलं तर कोण निस्तरणार, म्हणून सगळे लांबूनच नमस्कार करायचे.

पहिला हात लावला राजसबाईंनी. तांबरमहून रोज ट्रेनने येणाऱ्या, तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या, पुस्तकांच्या नोंदी ठेवणाऱ्या साध्या सहायक. घरचं मूळ तंजावरचं, त्यामुळे तोंडात तिथली जुनी मराठी. कळफलकावर एकेक अक्षर शोधत त्या माझ्याशी बोलायच्या, "अप्पा, कोठे ठेवलीस रे ती फाईल? दे की!" बाकीच्यांनी मला तमिळमध्ये शिव्याच घातल्या. माझ्याशी मराठीत बोलल्या त्या एकट्या, म्हणून मीही आज मराठीत बोलतोय.

त्यांना कुणी शिकवलं नाही. चुकत, पुसत, पुन्हा करत त्या शिकल्या. लाकडी कपाटातल्या कार्डांवरच्या अकरा हजार पुस्तकांच्या नोंदी त्यांनी माझ्यात घातल्या. उन्हाळ्यात गार हवा फक्त अध्यक्षांच्या खोलीत, इथे मी तापायचो आणि त्या घामाघूम व्हायच्या. मी मध्येच बंद पडलो की डबा उघडून दहीभात खायच्या आणि म्हणायच्या, "तूही जरा बैस, बाबा."

आता आमचे प्रमुख, गिरीधर सर. बाईंहून बारा वर्षांनी लहान, सभेत उभे राहिले की दर वाक्यात 'डिजिटल'. आणि सभा संपली की हाक यायची, "राजसक्का, जरा इकडे या. हे पत्र जात का नाही?" पत्राला फाईल जोडायलासुद्धा अक्काच लागायच्या. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तो खळखळाट मी नऊ वर्षं ऐकलाय.

गेल्या वर्षी विश्वस्तांनी ठरवलं, की कर्मचाऱ्यांना संगणकाचं काय काय येतं ते मोजायचं आणि मग प्रशिक्षण द्यायचं. खरं सांगतो, मला आनंद झाला. म्हटलं, आता तरी दूध का दूध होईल! एका कंपनीकडून श्रीनिधी नावाची मुलगी आली. मुलगी वाईट नव्हती, प्रत्येकाला नाव विचारून बोलायची. पण तिच्याकडे मोजमाप काय होतं? चाळीस प्रश्नांचा एक फॉर्म, आणि मार्क ज्याचे त्याने स्वतःच द्यायचे. एक म्हणजे काहीच येत नाही, दोन म्हणजे थोडं येतं, पाच म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो.

अरे, बाजूला उभं राहून पाच मिनिटं हात बघा ना माणसाचे! पण नाही. फॉर्म.

राजसबाई माझ्यासमोर बसल्या. मागे नित्या उभी होती, पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलावर बसणारी, त्यांच्याकडूनच सगळं शिकलेली. पहिला प्रश्न होता, पुस्तकांच्या नोंदी करता येतात का? बाईंनी बाण नेला तो थेट दोनवर.

"अय्यो अक्का, अकरा हजार नोंदी केल्यात तुम्ही! पाच टाका," नित्या म्हणाली.

"अग, आपणच आपल्यास पाच द्यावे काय? लोक काय म्हणतील? मज थोडके येते, इतकेच लिहावे."

ही त्यांच्या घरची रीत. गाणं येतं का विचारलं तर 'थोडकं येतं' म्हणायचं आणि मग तासभर गायचं. पंधरा पानांचा स्वयंपाक करायचा आणि 'काहीतरी शिजवलंय, गोड मानून घ्या' म्हणायचं. समोरच्यालाही ही रीत ठाऊक असते, तो 'थोडकं' ऐकून मनातल्या मनात बरोबर बेरीज करतो. फॉर्मला कुठली रीत आणि कुठलं मन? बाईंनी चाळीसच्या चाळीस ठिकाणी दोन टाकले आणि पदर सावरून उठल्या.

मग गिरीधर सर बसले. चाळीसपैकी एकोणचाळीस ठिकाणी पाच. एका ठिकाणी चार, तेही बहुतेक नम्रता म्हणून. आणि फॉर्म पाठवायचं बटण कुठे आहे ते दिसेना, तेव्हा मोठ्यांदा हाक मारली, "राजसक्का!"

आठवड्याने निकाल लागला. सगळ्यात कच्च्या राजसबाई, सगळ्यात पक्के गिरीधर सर. पाच म्हणजे शिकवू शकतो, म्हणून प्रशिक्षण त्यांनीच द्यायचं ठरलं, सहा दिवस. त्यानंतर तोच फॉर्म पुन्हा. ज्याचे मार्क तेव्हाही कमी, त्याची बदली अंबत्तूरला, वाचनालयाच्या पुस्तकांच्या गोदामात. औद्योगिक वसाहतीतलं पत्र्याचं गोदाम ते. तांबरमहून जायचं तर मध्ये उतरून दुसरी गाडी, जिने चढा, जिने उतरा. बाईंचे गुडघे केव्हाच गेलेले, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. त्यांना दुसरं काही नको होतं. ही खुर्ची हवी होती, तीन वर्षं.

प्रशिक्षण सुरू झालं. पहिल्या दिवशी सरांनी माउस कसा धरायचा ते शिकवलं. राजसबाई मान डोलवत ऐकत होत्या. मला तर वाटलं, पडदा काळा करून टाकावा!

चौथ्या दिवशी सर म्हणाले, "आता पुस्तकांची यादी अक्षरांप्रमाणे लावून दाखवतो." आणि लावली की त्यांनी! फक्त पुस्तकांच्या नावांचा रकाना निवडला आणि लेखकांचा तसाच सोडला. झालं! पुस्तकं हलली, लेखक जागच्या जागी राहिले. स्वयंपाकाच्या पुस्तकावर गुरांच्या डॉक्टरचं नाव, भरतनाट्यमच्या पुस्तकावर प्राप्तिकराच्या वकिलाचं. वर सरांनी ती यादी तशीच जपून ठेवली. कुणाच्या लक्षात आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत राजसबाई हळूच आल्या, आदल्या दिवशीची यादी शोधून काढली आणि सगळं जागेवर लावलं. डबा तसाच राहिला. मी म्हटलं, बाई, एकदा ओरडून सांगा की सगळ्यांना! पण माझं कोण ऐकतंय?

सहाव्या दिवशी पुन्हा तो फॉर्म आला.

"अक्का, आता तरी खरं लिहा. अंबत्तूर आठवा," नित्या कुजबुजली.

बाई माझ्यासमोर बसल्या. मग डोळे मिटून म्हणाल्या, "देवा, हा गर्व नव्हे, क्षमा कर." आणि पाच टाकला. मग दुसरा, मग तिसरा. चाळीसच्या चाळीस ठिकाणी पाच टाकले त्यांनी. सगळे खरे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा बाई स्वतःबद्दल खरं बोलल्या होत्या.

आणि तेच नडलं.

माझ्या शेजारच्याच मोठ्या टेबलाभोवती सभा भरली. श्रीनिधीने आकडे वाचले, आणि अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. "दोनचे पाच! सहा दिवसांत! गिरीधर, कमाल केलीत." सरांच्या खांद्यावर शाल आली. फोटो निघाला.

श्रीनिधी जरा घुटमळत म्हणाली, "सर, कदाचित त्यांना आधीपासूनच येत असेल, आणि त्यांनी कमी..."

"छे छे!" गिरीधर सर हसले. "माउस धरण्यापासून शिकवलंय मी."

नित्याने तोंड उघडलं, तेवढ्यात राजसबाईंनी तिचा हात दाबला. चारचौघांत वरिष्ठाला खोटं पाडायचं नाही, हीसुद्धा त्यांच्या घरची रीतच. जळो त्या रीती!

मग अध्यक्षांना सुचलं. "सगळ्यात कच्चं माणूस सहा दिवसांत तयार होतं, तर नोंदींच्या कामाला कायमचं माणूस कशाला अडकवायचं? कंत्राटावर कुणीही ठेवा, गिरीधर शिकवतील. अंबत्तूरला मात्र जाणतं माणूस हवंय. राजसबाई, तुम्ही जा."

कमी मार्कांना अंबत्तूर म्हणाले होते ना? पूर्ण मार्क मिळाले, तरी अंबत्तूरच. बाई म्हणाल्या, "बरे, सर." जाताना त्यांनी माझा कळफलक पुसला आणि कुणाकडेही न बघता जिना उतरल्या.

आता माझ्यासमोर दर दोन महिन्यांनी नवं माणूस बसतं. सर शिकवतात, माणूस कंटाळतं, जातं. नव्या पुस्तकांचे गठ्ठे जमिनीवर पडून आहेत. पंख्यात धूळ साचलीय, घरघर करतो मी. नित्या सोडली तर कुणी पुसत नाही. तुमच्यापैकी कुणावर उद्या माणसांना मोजायची वेळ आली, तर कृपा करून त्यांना फॉर्मवर विचारू नका. शेजारी स्टूल घेऊन बसा आणि त्यांना काम करताना बघा. आमच्यासारख्या यंत्रांना विचारता आलं तर तेही विचारा. कोण येतं, कोण काय करतं, सगळं आमच्या पोटात लिहिलेलं असतं.

परवाचीच गोष्ट. बदली झालेल्यांचं संगणकावरचं खातं काढून टाकायचं, असा नियम आला. गिरीधर सर माझ्यासमोर बसले, इकडे तिकडे दाबून पाहिलं, जमेना. शेवटी त्यांनी फोन लावला आणि टेबलावर ठेवला.

"अक्का, हे तुमचं खातं काढून टाकायचंय. कुठे दाबायचं?"

पलीकडे लॉरीचा भोंगा वाजत होता. "वरती उजवीकडे बघा, सर," राजसबाई म्हणाल्या. "आता तिसरी ओळ. माझे नाव दिसते ना? त्यावर दाबा." त्यांनी सगळं सावकाश, न चिडता सांगितलं, अगदी पूर्वी मागे उभ्या राहून सांगायच्या तसं.

"अक्का, हे काहीतरी विचारतंय. या नावावर अकरा हजार नोंदी आहेत, त्या कुणाच्या नावावर करायच्या?"

"तुमच्याच नावावर करा, सर," बाई म्हणाल्या.

सरांनी बटण दाबलं. सगळी नावं बदलायला मला चार सेकंद लागले.