हरीने घासून टाकलेला नंबर

माझ्या वयाच्या बायका नवऱ्याला 'अहो' म्हणतात. मी हरीला हरीच म्हणते, कारण कर्जतच्या शाळेत आम्ही एका वर्गात होतो आणि गणिताच्या तासाला तो माझ्या वहीत डोकावून उत्तरं लिहायचा. पुढे मी त्याच शाळेत गणित शिकवलं आणि हरीने आमच्या दहिवलीच्या घरात, मागच्या खोलीत बसून, पंपाचे ऑटो बनवले. विहिरीतलं पाणी खाली गेलं की पंप आपोआप बंद करणारी आणि पाणी भरलं की पुन्हा चालू करणारी ती डबी. पंप कोरडा चालला तर मोटर जळते, म्हणून ही डबी. कळंबपासून खालापूरपर्यंत कितीतरी विहिरींवर ती टांगलेली आहे.

त्या डबीत एक हिरवा बोर्ड आणि त्या बोर्डावर काळी, चौदा पायांची एक आयसी. आयसीच्या पाठीवर तिचा नंबर छापलेला असतो. डाग देऊन ती बोर्डाला जोडून झाली की हरी पॉलिश पेपरचा तुकडा घ्यायचा आणि तो नंबर पार गुळगुळीत होईपर्यंत घासून टाकायचा. या धंद्यात ही रीतच आहे म्हणे. नंबर दिसला तर उद्या कोणीही तीच आयसी आणून तसाच ऑटो बनवील. बोर्डाचा नकाशाही त्याने कधी कागदावर काढला नाही. कोणी मागितला तर कपाळावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "इथे आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्यामुळे कोणाचाही ऑटो बिघडला की त्याला हरीच्या दारात येण्यावाचून गत्यंतर नसे. रविवारी सकाळी आमचा ओटा भरलेला असायचा आणि चहाचं आधण माझ्या माथी. हरी प्रत्येकाला सांगायचा, "मी आहे तोवर तुमचा पंप कोरडा चालणार नाही." पैसा त्याला नको होता असं नाही, पण त्याहून त्याला आवडायचं ते कोणीतरी दारात उभं राहून 'हरीभाऊ, जरा बघता का' म्हणणं. ते ऐकलं की तो चष्मा पुसायला घ्यायचा, आणि चष्मा स्वच्छच असायचा.

मग बाजारात तयार ऑटो स्वस्तात मिळू लागले. हरीने नवीन बनवणं सोडलं. ओट्यावर माणसं कमी झाली, पुढे पुढे तर रविवारीही मी दोघांपुरताच चहा टाकू लागले.

यंदा चैत्रात कळंबहून नम्रता आली, भिवाजीची मुलगी. भिवाजीची कळंबला रोपांची नर्सरी आहे, आजूबाजूच्या फार्महाऊसना त्याच्याकडूनच झाडं जातात. हरीचा अगदी पहिला ऑटो त्यानेच आपल्या विहिरीवर बसवून घेतला होता, बाकीचे हसत होते तेव्हा. नम्रता इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, खालापूरकडच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. तिने पिशवीतून बोर्ड काढला.

"काका, लायनीला दाब जास्ती आला आन् ही आयसी गेली. बा म्हनला, हरीभाऊंकडंच ने."

हरी खुलला. बोर्ड घेऊन आत गेला, दिवा लावला, सुट्या भागांचा डबा काढला आणि तसाच उभा राहिला. बराच वेळ काही आवाज येईना म्हणून मी दारातून डोकावले.

"काय झालं रे?"

"नंबर आठवत नाहीये," तो हळूच म्हणाला.

मला हसू आलं आणि मी हसलेही. जगापासून लपवता लपवता या माणसाने तो स्वतःपासूनही लपवला होता. हरीने माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा माझं हसू थांबलं, कारण त्याचे कान लाल झाले होते आणि ते मी शाळेनंतर प्रथमच पाहत होते.

डब्यात दोन जातींच्या आयसी निघाल्या. एक ४०११, एक ४०९३. पाय सारखे, पायांची जागा सारखी, बोर्डात दोन्ही बसतात. या दोन्हींतली एक हे नक्की, पण कोणती ते हरीला सांगता येईना. त्याने पहिली बसवली. बादलीत पाणी घेऊन ऑटोच्या, एरवी विहिरीत सोडायच्या तारा बुडवल्या, बाहेर काढल्या. बुडवल्या की रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारा खटका, 'टक', काढल्या की 'टक'. बरोबर चाललं. नम्रता बोर्ड घेऊन गेली आणि हरीने रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुढच्या रविवारी ती परत आली. पाणी तारेच्या टोकाशी आलं, तेव्हा रिले एकदा 'टक' होण्याऐवजी टरटरत सुटला. चालू-बंद, चालू-बंद. त्यात पंपाच्या स्टार्टरची कॉइल जळली. कॉइल नवी बसवली होती, पण पंप आता ऑटोविना हाताने चालवावा लागत होता.

"बा काय बोलला नाय," नम्रता म्हणाली. "पन आता दिवसभर विहिरीवरच बसून असतो. पानी बघायचं, बटन दाबायचं. गुडघा धरलाय त्याचा. रोपांना एक येळ पानी चुकवून चालत नाय उन्हाचं."

"अगं, बाजारातून तयार आणा तोवर," मी म्हणाले.

"मी म्हनले तसं. तर बा म्हनतो, हरीभाऊंनी शब्द दिलाय, ते बघतील."

हरी खुर्चीत बसला. मला त्याचं कळत होतं. इतक्या वर्षांत त्याने लोकांना दिलेली खरी वस्तू ती डबी नव्हतीच. 'मी आहे तोवर' हा शब्द दिला होता, आणि हरी असूनही पंप कोरडा चालायची वेळ आली होती.

"दुसरी आयसी लावून बघ ना," मी म्हटलं.

"आणि तीही चुकली तर? बादलीत पहिलीही चालली होती. भिवाजीच्या विहिरीवर मी आता प्रयोग करणार नाही."

नम्रताने बॅगेतून लॅपटॉप काढला. "काका, प्रयोग ह्याच्यात करू. आदी सर्किट काढायचं, मग ह्याच्यातच चालवून बघायचं. काय जळत नाय, काय तुटत नाय." त्या सॉफ्टवेअरचं नाव किकॅड. तिने दाखवलं तसं मीही पाहिलं. पांढऱ्या कागदावर काढावीत तशी चिन्हं, त्यांना जोडणाऱ्या रेषा.

"कितीला पडलं?" हरीने विचारलं.

"फुकट हाय."

"फुकट ते पौष्टिक," हरी म्हणाला. "चोरून घेतलंस?"

"नाय ओ काका. फुकटच देतात. जगभरची मान्सं मिळून बनवतात. आतलं सगळं उघडं ठेवतात, कोनीबी बघावं, कोनीबी सुधारावं."

"आतलं उघडं ठेवतात? आणि मग त्यांना विचारतं कोण?"

नम्रताला तो प्रश्न कळला नाही. मला कळला.

सर्किट काढायचं तर बोर्डावरची तांब्याची एकेक पट्टी कुठून कुठे जाते ते तिला दाखवायला हवं होतं. तिने बोर्डाकडे हात नेला आणि हरीने त्यावर आपला पंजा ठेवला. मुद्दाम नव्हे, सवयीने. परीक्षेत पेपर झाकतात तसा.

"अरे हरी," मी म्हणाले, "लपवतोस कोणापासून? तुलाच माहीत नाही, ती काय चोरणार?"

त्याने हात काढला.

मग दोघं कामाला लागली. हरी मीटरच्या सुया टेकवून सांगायचा, 'हा इथून तिथे', आणि नम्रता रेषा ओढायची. मध्ये एकदा तिने रेझिस्टन्सची किंमत चुकीची टाकली, तर हरी म्हणाला, "तिथे ती घातलीस तर रिले उचलणारच नाही." मध्ये एकदा हरी एक पट्टी विसरला, तर तिने दाखवली, "काका, हिचं दुसरं टोक लोंबकळतंय." मी पोहे केले. पोहे गार झाले. एक वाजेपर्यंत हरीच्या डोक्यातला तो नकाशा पडद्यावर उतरला होता. त्याने तो वाकून वाकून पाहिला. आपलं अक्षर दुसऱ्याच्या हातचं पाहावं तसा.

"आता बादली," नम्रता म्हणाली. तिने लॅपटॉपला पाणी तारेपासून झटकन दूर होतं असं सांगितलं. पडद्यावर एक उभी उतरती रेघ आली आणि तिच्याखाली रिलेची रेघ, एकदाच बदललेली. पहिली आयसी घाला की दुसरी, सारखंच. मग तिने विहीर घातली. विहिरीचं पाणी सावकाश उतरतं, म्हणून रेघ आडवी, जेमतेम उताराची. तरीही दोन्हींचा निकाल स्वच्छ.

"म्हणजे तुझं फुकटचं काही कामाचं नाही," हरी म्हणाला, पण उठला नाही. त्या आडव्या रेघेकडे बघत राहिला. "ही विहीर नाही गं. ही चित्रातली विहीर. पंप चालू असताना पाणी असं गुपचूप उतरतं का? हादऱ्याने ते डचमळत असतं. तारेला लागतं, सुटतं, लागतं, सुटतं."

"खरंच की," नम्रता म्हणाली. "आमची तर लईच डचमळते." तिने त्या रेघेला बारीक थरथर जोडली आणि पुन्हा चालवलं.

पहिल्या आयसीची रेघ मधोमध कंगव्याच्या दातांसारखी झाली. चालू-बंद, चालू-बंद. कॉइल जळली ती हीच टरटर.

तिने दुसरी घातली. पाणी तसंच डचमळत उतरत होतं, पण खालची रेघ एकदाच बदलली आणि बदलली ती बदललीच. नम्रताने मला समजावलं ते असं, की पहिली आयसी उंबरठ्यावर घुटमळते, आत जाऊ की बाहेर. दुसरी एकदा बाहेर पडली की पाणी चांगलं वर चढेपर्यंत मागे फिरत नाही.

"४०९३," हरी म्हणाला. मग खुर्चीला टेकला. "आठवलं. पहिल्या वर्षी भिवाजीच्याच विहिरीवर हे असंच झालं होतं. मी दिवसभर तिथे बसून होतो. तेव्हा मी आयसी बदलली. तेव्हा शिकलो." त्याने जळक्या आयसीची गुळगुळीत पाठ अंगठ्याने चाचपली. "आणि जे शिकलो तेच घासून टाकलं."

मी काही टोमणा मारला नाही. माझ्याकडे होता, पण मारला नाही.

नम्रताने नवी आयसी बसवली, पॉलिश पेपरला कोणी हात लावला नाही. लॅपटॉप मिटताना ती म्हणाली, "काका, हे सर्किट नेटवर टाकू का? तुमच्या नावानं. हे सॉफ्टवेअर पन लोकांनी असंच टाकलेलं हाय. कुनाचा ऑटो बिघडला तर त्याला नीट करता येईल."

"नको," हरी म्हणाला. "दुरुस्त झाला ना? बास."

तिने आग्रह केला नाही.

पण बोर्ड द्यायला हरी स्वतः निघाला आणि मलाही म्हणाला, चल. आम्ही रिक्षाने नेरळवरून कळंबला गेलो. नेरळला नव्या इमारतींच्या गच्चीवर ओळीने पाण्याच्या टाक्या दिसल्या, ऑटो लागणाऱ्याच, तेव्हा त्याने मान वळवून त्या मागे पडेपर्यंत पाहिल्या. नर्सरीत भिवाजी विहिरीच्या कठड्याला पाठ लावून बसला होता, गुडघ्याला फडकं बांधून. आम्हाला पाहून उठायला लागला, तर हरीने खांदा दाबून खाली बसवलं. पलीकडे काळ्या पिशव्यांत आंबा, सोनचाफा, सुपारी. काही रोपांच्या पानांच्या कडा करपलेल्या होत्या. हरीने त्या पाहिल्या.

डबी बसवली. पंप चालू झाला. हरी कठड्याशी उभा, भिवाजी बसलेला, नम्रता तारांशी वाकलेली, आणि मी कडुलिंबाच्या सावलीत. पाणी उतरायला लागलं. ते डचमळत होतं, हरी म्हणाला होता अगदी तसंच. तारेचं टोक उघडं पडलं, झाकलं गेलं, उघडं पडलं. मी गणिताची बाई, देवाला सहसा त्रास देत नाही, पण त्या वेळी दिला.

'टक.' एकदाच. पंप बंद झाला आणि पाखरांचा आवाज ऐकू यायला लागला.

भिवाजीने मान हलवली. मग तो हरीशी नव्हे, मुलीशी बोलला. शेतकरी माणूस, त्याला आडपडदा नाही. "पोरी, ह्ये समदं नीट शिकून घे. हरीभाऊंच्या माघारी बंद पडलं, तर तुला जमंल ना?"

मला राग आला. समोर उभ्या माणसाच्या माघारीचं कोणी असं बोलतं का? मी हरीकडे पाहिलं. तो चष्मा पुसत नव्हता. आंब्याच्या करपलेल्या पानांकडे बघत होता.

"हिलाच का, भिवाजी," तो म्हणाला. "कोणालाही जमेल. नम्रता, ते नेटवर टाक. आयसीचा नंबर मोठ्या अक्षरात लिही. आणि पाणी डचमळतं तेही लिही, नाहीतर लोक बादलीत बघतील."

"तुमचं नाव घालते, काका. आन् फोन नंबर? काय अडलं तर इचारायला."

"फोन नको," हरी म्हणाला. "सगळं नीट लिहिलं तर मला विचारायची गरजच पडणार नाही."

भिवाजी 'बरं झालं' म्हणाला आणि नम्रता तारा बांधायला लागली. हरीने काय दिलं ते त्या दोघांना कळलं नाही. ओट्यावर येऊन कोणीतरी विचारावं, एवढीच त्याची आयुष्यभराची मिजास होती आणि ती त्याने उभ्या उभ्या सोडून दिली. ते कळणारी तिथे मी एकटीच होते. इतकी वर्षं संसार केला, पण हरी मला त्या दिवशी जितका आवडला तितका पूर्वी कधी आवडला नव्हता, आणि घरी पोचेपर्यंत धीर धरवेना म्हणून मी ते त्याला परतीच्या रिक्षातच सांगितलं.