स्वेटरची मापं

स्वेटर विणते, असं सांगून धाकटीनं ताईची मापं घेतली. उंची, हाताचा पल्ला, बसल्यावर आणि उभं राहिल्यावर कोपर कुठं येतं, सगळं. "स्वेटरला कोपराची उंची कशाला गं?" ताईनं विचारलं. थाप पचली, पण जेमतेम.

कसला स्वेटर नि कसलं काय! धाकटीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. ती पंप जोडणाऱ्या यंत्रांची डिझाइनं कॉम्प्युटरवर करायची. आणि या खेपेचं यंत्र नेमकं ताईच्या कारखान्यात बसणार होतं, ताई वर्षानुवर्षं जिथं पंपात रबरी रिंगा बसवायची, त्याच टेबलाच्या जागी. आता आली का पंचाईत! जिनं लहानाची मोठी केली, तिचीच जागा हिनं पुसायची?

मग धाकटीनं शक्कल लढवली. पडद्यावरच्या पंपजोडणीच्या लाइनमध्ये एक खुर्ची ठेवली आणि तीत ताईच्या मापाची करडी बाहुली बसवली. कारखान्याचे साहेब म्हणाले, "रिंगा रोबो बसवेल की. ही बाई काढा." नरम रबर रोबोला जमत नाही, धाकटीनं ठोकून दिलं. धडधडीत खोटं!

घरी येऊन तिनं हा पराक्रम ताईला सांगितला. वाटलं, शाबासकी मिळेल. ताई भडकलीच.

"अगं शहाणे, मला विचारायचंस तरी! हे अंगठे बघ, रिंगा दाबून दाबून कामातून गेलेत. साधं डब्याचं झाकण उघडत नाही माझ्यानं. आणि तू माझ्यासाठी त्याच रिंगा राखून ठेवतेस?" ताईनं अंगठे चोळले. "मला काम हवंय गं. ते काम नकोय."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं खुर्ची काढली, साहेबांपुढं खोटं कबूल केलं आणि मुकाट्यानं बोलणी खाल्ली. मग विचारलं, "यंत्र चालवायला, अडकलं तर मोकळं करायला माणूस लागेलच ना? ताईला घ्या."

"जमेल शिकायला त्यांना?"

"मला पाढे तिनंच शिकवलेत, साहेब. मी काय कमी ढ होते?"

साहेब हसले. ताई शिकली, दोनदा चुकली, पुन्हा शिकली.

यंत्र सुरू करायच्या दिवशी ताई पॅनेलपुढं उभी राहिली. बुटकी बाई, कारखान्यातलं प्रत्येक बटण तिनं आजवर टाचा उंचावूनच दाबलेलं. सवयीनं टाचा उचलल्या, आणि तशाच खाली टेकवल्या. हिरवं बटण बरोबर हाताशी होतं. ताईनं आपल्या कोपराकडं पाहिलं, मग धाकटीकडं.

"घे तुझा स्वेटर," धाकटी म्हणाली.

"लबाड कुठली!" म्हणत ताईनं डोळे पुसले आणि बटण दाबलं.