केझायाचं कपाट

गेटवुडांच्या घराण्यात टी-शर्टालाही इस्त्री लागते. दर दोन वर्षांनी सगळं गणगोत एका गावात जमतं. पहिल्या संध्याकाळी मासे तळतात, शेवटच्या दिवशी चर्चला जातात आणि मधल्या दिवशी लहानथोर एकाच रंगाचे टी-शर्ट घालून काहीतरी बघायला निघतात. असं अमेरिकेतल्या बहुतेक काळ्या कुटुंबांत चालतं. पण बाकीचे लोक टी-शर्ट पिशवीतून काढतात आणि सरळ डोक्यातून घालतात. गेटवुड मंडळी बाहीला कडक घडी पडल्याशिवाय तो अंगाला लावत नाहीत. का, म्हणून कुणी विचारलंच तर ‘आपल्यात असंच असतं’ एवढं सांगून त्याच्याच हातात इस्त्री दिली जायची. त्यामुळे विचारणं आपोआप बंद झालं.

यंदा इस्त्री व्हर्डेलकडे आली. थोरली बहीण एर्नेस्टीन वसंतात वारली आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची व्हर्डेल घराण्यात सगळ्यांत मोठी ठरली. इस्त्रीबरोबर आणखी एक गोष्ट तिच्याकडे आली, ती म्हणजे केझायाची गोष्ट सांगण्याचा मान. सगळ्यांत मोठ्या बाईने उभं राहून ती सांगायची आणि सांगणारीला मध्ये कुणी तोडायचं नाही, दुरुस्त तर मुळीच करायचं नाही. जेवण गार झालं तरी चालेल.

एर्नेस्टीन गोष्ट सांगायची ती अशी. आपल्या आजीची आजी केझाया गुलाम होती; ती केंटकीतल्या मालकाकडून पळाली, गळक्या होडीतून ओहायो नदी ओलांडून ह्या काठाला आली, जिथे गुलामगिरी नव्हती. पादरी व्हिटलॉकने तिला आपल्या घरात घेतलं आणि धुराड्याशेजारच्या कपाटात लपवलं. कपाटात बसायला छोटीशी बैठक होती, तिच्यावर मऊ गादी होती. गुलाम पकडणाऱ्यांनी सगळं घर पालथं घातलं आणि हात हलवत परत गेले. केझाया आपली गादीवर बसून होती.

व्हर्डेल इतकी वर्षं ही गोष्ट ओठ मिटून ऐकत आली होती, कारण त्यांच्या आईच्या गोष्टीत कपाटच नव्हतं. एर्नेस्टीन तरुणपणी एकदा व्हिटलॉकचं घर बघून आली, तिथल्या माणसाने कपाट दाखवलं आणि त्या वर्षीपासून ते गोष्टीत शिरलं. आईची गोष्ट हिने परस्पर बदललीच कशी, हा राग व्हर्डेलने मनात धरला तो धरलाच. पण नियम म्हणजे नियम.

आता बोलायची पाळी तिची होती. आईची गोष्ट सांगावी तर बहीण तिच्याच मुलाबाळांसमोर खोटी पडते, तीही गेली त्याच वर्षी. बहिणीची सांगावी तर खरी केझाया कायमची बुडते, कारण आईच्या तोंडून ऐकलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मोटेलच्या खोलीत टी-शर्टांना इस्त्री करता करता तिने ठरवून टाकलं. एर्नेस्टीनचीच सांगायची. मेलेल्या बहिणीशी भांडून जिंकलं तरी सांगणार कुणाला?

टी-शर्ट पिवळे होते. एर्नेस्टीनच्या मुलाने, रॉस्कोने, छातीवर कपाट छापून घेतलं होतं. दार किलकिलं, आतून दोन डोळे बघताहेत आणि खाली ‘केझायाची लेकरं’. छापलेल्यावर थेट इस्त्री फिरवली तर रंग चिकटतो, म्हणून व्हर्डेलने सगळे उलटे करून घेतले होते.

यंदा सगळे जमले होते ते व्हिटलॉकच्याच गावात. त्याचं घर आता संग्रहालय आहे. दाखवायला लेनोर नावाची तरुण मुलगी होती. ती हसत दारात आली, समोर पिवळ्याधमक टी-शर्टांची रांग पाहिली, छातीवरचं चित्र पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. पाहुण्यांचं स्वागत तिने जरा दबक्या आवाजातच केलं. पादऱ्याची झोपायची खोली तिने फार वेळ दाखवली. एवढा वेळ दाखवण्यासारखं तिथे काही नव्हतं.

शेवटी स्वयंपाकघर आलंच.

“हे ते कपाट,” लेनोर म्हणाली. “म्हणजे, तुमच्या... तेच. गेल्या वर्षी आम्ही जाणकारांकडून घर तपासून घेतलं. त्यांचं म्हणणं पडलं की हे लाकूड यंत्रावर कापलेलं आहे. कपाट बसवलं तेव्हा गुलामगिरी संपून बराच काळ झाला होता.”



“मग हे होतं कशाला?” व्हर्डेलचा दीर लुशियस याने विचारलं.

“लोणच्याच्या बरण्या ठेवायला, सर.”

“लोणच्याच्या.”

“हो, सर.”

लुशियसने खाली मान घालून आपली छाती बघितली. “म्हणजे सकाळपासून आम्ही सगळे लोणचं मिरवतोय.”

“काका, गप्प बसा हो,” रॉस्को म्हणाला. तो पंचावन्न वर्षांचा, दारात मावत नाही असा गडी. पण आवाज लहान मुलासारखा झाला होता. “आत बसायला जागा असेल ना? गादीची?”

लेनोरने दार उघडलं. आत फळ्याच फळ्या होत्या, त्याही अरुंद. मांजर बसवायचं म्हटलं तरी आधी त्याला विचारावं लागलं असतं.

व्हर्डेल बघत राहिली. एर्नेस्टीन इथेच उभी राहिली होती. त्या माणसाने तिला कपाट दाखवलं असेल, पण बसायला जागा नाही हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असणार. मग ती बैठक आणि ती मऊ गादी आली कुठून? आणि एकदम तिला कळलं.

“मावशी,” रॉस्को म्हणाला, “म्हणजे आई आमच्याशी खोटं बोलायची?”

“गोष्ट सांगायची वेळ झाली का?” व्हर्डेलने विचारलं.

“ती तर संध्याकाळी, जेवायच्या वेळी.”

“आता झाली.”

ती पुढच्या खोलीत गेली आणि रस्त्याकडच्या खिडकीपाशी उभी राहिली. मंडळी मागोमाग आली. खिडकीजवळ दोरी बांधलेली एक जुनी खुर्ची होती, तिच्यावर ‘कृपया बसू नये’ अशी पाटी होती.

“केझाया आली तेव्हा पादरी घरी नव्हता,” व्हर्डेलने सुरुवात केली.

“पण आमच्या माहितीप्रमाणे—” लेनोर म्हणाली.

“ताई, मध्ये बोलायचं नसतं,” रॉस्को म्हणाला.

“पादऱ्याची बायको होती. पकडणारे रस्त्यावर दिसायला लागलेले. लपवायला जागाही नाही, वेळही नाही. बाईने चुलीवरची इस्त्री उचलली, केझायाच्या हातात दिली आणि तिला ह्या खिडकीत उभं केलं. गावात काळ्या धोबिणी होत्याच, कपडे घ्यायला घरोघर यायच्या. पकडणारे आत आले, तळघर बघितलं, माळा बघितला, पलंगाखाली वाकले. त्यांचा म्होरक्या नदीत भिजला होता. त्याने अंगातला सदरा काढला आणि केझायाकडे फेकला. म्हणाला, ‘हा वाळवून दे.’ तिने इस्त्री फिरवून वाळवला. तो म्हणाला, ‘कॉलर नीट झाली नाही.’ तिने पुन्हा केली. मग तो सदरा घालून तो तिलाच शोधायला बाहेर पडला. इस्त्रीवालीच्या तोंडाकडे बघतं कोण? पण ते परत येतील म्हणून केझाया अंधार पडेपर्यंत तिथून हलली नाही. रात्रभर अनवाणी चालून आलेली बाई, दिवसभर उभी. ही माझ्या आईची गोष्ट. खरी ती ही.”

कुणीतरी आपल्या बाहीची घडी चाचपून पाहिली, मग दुसऱ्यानेही.

“आणि गादी?” रॉस्कोने विचारलं.

“गादी तुझ्या आईची.” व्हर्डेल थांबली. “सिनसिनाटीच्या लाँड्रीत तिने तीस वर्षं लोकांच्या शर्टांना इस्त्री केली. स्टूल मागितलं तर मालक म्हणायचा, बसलीस की हात चालत नाहीत. घरी आली की पाय मावायचे नाहीत बुटांत. मिठाच्या पाण्यात बुडवून बसायची. पाणी मीच ओतायचे. त्या पायांनी तिला केझायाला दिवसभर उभं ठेववेना रे. तिने इथे कपाट बघितलं आणि केझायाला आत बसवलं. खाली गादी घातली. आणि मी, तिची सख्खी बहीण, इतकी वर्षं तिच्यावर रागावून बसले.”

व्हर्डेलला रडू आलं, ते तिने लपवलं नाही. रॉस्कोलाही आलं. त्याने लपवायचा प्रयत्न केला, पण एवढ्या देहाचं रडणं लपायचं कसं?

लेनोर पुढे झाली. तिने खुर्चीची दोरी सोडली, पाटी काढून पाठीमागे धरली. “बसा ना, मॅडम.”

“सांगणारीने उभं राहायचं असतं,” व्हर्डेल म्हणाली.

“गोष्ट संपली ना, मावशी,” रॉस्को म्हणाला. “बस आता.”

व्हर्डेल बसली. खुर्ची कुरकुरली, पण टिकली. लेनोरने सुटकेचा निःश्वास टाकला.

“आता ह्या टी-शर्टांचं काय करायचं?” लुशियसने विचारलं. “लोणच्याचं तेवढं बघा बुवा.”

“काही करायचं नाही. कपाट राहू दे,” व्हर्डेल म्हणाली. “रॉस्को, पुढच्या वेळी आत गादीही छापून घे.”

“घेतो. आणि इस्त्रीही पुढच्या वेळी मीच करतो.”

व्हर्डेलने त्याच्याकडे नीट बघितलं. डोळे, नाक, सगळं एर्नेस्टीनचं.

“कर,” ती म्हणाली. “पण बसून कर.”