होऊन गेलेल्या शर्यती

घरचे दोन्ही यंत्रमाग विकून तो पैसा पुण्याच्या घोड्यांच्या रेसवर लावायचा, असं सिद्धारामनं ठरवलं होतं. माग आईच्या नावावर, तेवढी तिची सही राहिली होती.

"अव्वा, मागच्या शंभर शर्यती कॉम्प्युटरात घातल्या. घोड्याचं वजन, जॉकी, मैदान, समदं. माझं सूत्र ऐंशी वेळा बरोबर आलं की!"

त्याची आई सुगलाबाई दुसरीतच शाळेतून उठलेली, पण जिभेला धार होती. "शर्यती बघून सूत्र बसवलंस न्हवं? नातीच्या मापानं शिवलेलं झंपर नातीला बसणारच. त्यात मर्दुमकी कसली? येत्या रविवारच्या पाच शर्यतींत कोण जिंकणार, ते पाच घोडे आधी लिहून दे. पैसा लावायचा न्हाय. मग बघू सहीचं."

त्यानं ऐटीत लिहून दिले. रविवारी पाचांतला एकच जिंकला.

पोरगं शुद्धीवर येईल म्हणून तिनं टोमणा गिळला आणि ताट वाढलं. सिद्धाराम तासाभरानं कॉम्प्युटरापुढून उठून आला, तो हसतच.

"अव्वा, वजनाचा आकडा जरा बदलला. आता रविवारच्या पाचही बरोबर येत्यात बघ!"

सुगलाबाईनं त्याचं वाढलेलं ताट झाकून ठेवलं. सही तर ती देणार नव्हतीच. पण आजवर तिला वाटत होतं, पोराचं गणित तेवढं चुकलंय, पोरगं नाही.