सिस्टरची चाइल्ड थीम

नर्सची नोकरी संपून सहा वर्षं झाली तरी सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. तिचा थोरला भाऊसुद्धा. वर ऐकवायचा, "हा शब्द वापरायचा खरा हक्क माझा. बाकीचे माझं बघून शिकले."

दोघं मिळून दादाच्या गॅरेजमधून आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तू वापरायला देत: चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर, वरखाली होणाऱ्या खाटा. काम झालं की परत आणून द्यायचं, एवढीच अट. कुठली वस्तू शिल्लक आहे, फोन कुठे करायचा, हे सगळं वेबसाइटवर असायचं. ती दादाच्या लेकीने बनवली होती. दुसऱ्या शहरात नोकरी लागली तेव्हा तिने ती आत्याच्या ताब्यात दिली. "फार काही नाही गं आत्या. अपडेट आलं की बटण दाबायचं."

एका मंगळवारी सकाळी थीमचं अपडेट आलं. थीम म्हणजे वेबसाइटचं रूप. रंग, अक्षरं, कुठे काय दिसायचं ते. सिस्टरने बटण दाबलं, 'यशस्वी' असं वाचलं आणि खुर्च्यांच्या चाकांना तेल घालायला बसली.

बारा वाजले तरी एकही फोन नाही.

"आज सगळं शहर ठणठणीत दिसतंय," दादा म्हणाला.

साडेबाराला एक बाई धापा टाकत गॅरेजात शिरली. सासऱ्यांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं आणि ती तासभर यांचा नंबर शोधत होती. शेवटी कुणाकुणाला विचारत इथवर आली होती. तिने मोबाइल पुढे केला. वस्तूंची यादी गायब, फोन नंबर गायब. वर बर्फाचा डोंगर आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आपल्या स्वप्नांना पंख द्या'.

"पंख नाहीत आमच्याकडे," दादा म्हणाला. "खुर्ची आहे, ती न्या."

बाई हसली, खुर्ची घेऊन गेली. सिस्टर मात्र हसली नाही. इथवर न पोचलेले किती असतील, हेच तिच्या डोक्यात होतं.

तिने भाचीला फोन लावला. भाचीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चूक माझी आहे, आत्या. यादी, नंबर, सगळे बदल मी थेट थीमच्या फायलींतच केले होते. नवीन थीम आली, त्यांच्यावर बसली आणि आपलं सगळं पुसलं गेलं. कालचा बॅकअप परत टाक, सगळं पूर्वीसारखं होईल. पण तसं ठेवता येणार नाही. जुन्या थीममध्ये भगदाड सापडलंय, कुणीही आत शिरू शकतं. लोकांचे पत्ते आहेत आपल्याकडे. मी शनिवारी बसते. तोवर तू हात लावू नकोस."

"यावर कायमचा उपाय काय?"

"चाइल्ड थीम. मूळ थीमच्या शेजारी वेगळं फोल्डर करायचं. आपले बदल त्यात. मग मूळ थीम कितीही वेळा बदलली तरी आपलं आपल्यापाशी राहतं."

"कसं करतात ते सांग."

"आत्या, त्यात कोड असतो गं."

"असू दे की. आज मंगळवार आहे. भगदाड काय शनिवारची वाट बघत बसणारेय?"

बॅकअप परत टाकल्यावर वेबसाइट पूर्वपदावर आली. मग भाचीने फोनवरूनच वेबसाइटची एक वेगळी प्रत तयार करून दिली, जी बाहेरच्या कुणाला दिसत नव्हती. "इथे काय मोडतोड करायची ती कर," ती म्हणाली.

सिस्टरने वही काढली आणि वॉर्डात रुग्णाचा तक्ता लिहायची तसं लिहायला लागली: वेळ, काय केलं, काय झालं. बुधवारी चाइल्ड थीमचं फोल्डर झालं. रंग आणि अक्षरं तिथे आली. गुरुवारी यादीचा कोड त्यात टाकला, आणि पान कोरं करकरीत. डोंगरसुद्धा नाही.

दादा मागे येऊन उभा राहिला. "बंद करून टाक ना ही वेबसाइट. दारावर पाटी लावू. साठी उलटल्यावर कशाला हा डोक्याला ताप?"

"पाटी वाचायला दारापर्यंत यावं लागतं, दादा. आपल्याकडे येणाऱ्यांना चालताच येत नाही."

दादा स्टूल ओढून शेजारी बसला.

"आणि साठीचं म्हणशील तर, न दिसणाऱ्या शिरेत सुई घालण्यात माझी सगळी नोकरी गेली. इथे निदान कुणी ओरडत तरी नाही."

तिने टाकलेला सगळा कोड काढला. पान परत आलं. मग तुकड्यातुकड्याने घालायला लागली. एक तुकडा, पान बघायचं, वहीत लिहायचं. सातव्या तुकड्याला पान पुन्हा कोरं झालं. त्या आठ ओळी तिने बोट ठेवून वाचल्या. पाचव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम नव्हता. कॉपी करताना सुटला होता. तिने तो घातला आणि यादी समोर आली: खुर्च्या चार, वॉकर सहा, खाट एक.

"एवढासा?" दादाने विचारलं.

"एवढासाच."

शुक्रवारी सकाळी तिने त्या प्रतीवर नव्या थीमचं अपडेट केलं. यादी जागची हलली नाही. दादाने टाळी दिली. पण सिस्टर लॅपटॉप उचलून शेजारच्या गल्लीतल्या ड्रॉइंगमास्तरांकडे गेली. त्यांचे हात कंपवाताने थरथरत. त्यांचा वॉकर सिस्टरकडचाच होता.

"मास्तर, तुमच्या मोबाइलवर हे उघडून देते. तुम्हाला एखादी वस्तू हवीय असं समजा आणि मला फोन करा."

मास्तरांनी अंगठा टेकवला. चुकला. पुन्हा टेकवला, भलतंच पान उघडलं. चौथ्या खेपेला त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "दिसतंय सगळं. दाबलं जात नाही. आधीही हेच व्हायचं. मी सुनेला सांगायचो करायला."

"मग बोलला का नाहीत?"

"माझाच हात हलतो, तुमचं बटण थोडंच हलतं!"

सिस्टर तिथेच, त्यांच्या टेबलावर, कामाला लागली. बटण दुप्पट केलं, आजूबाजूची जागा मोकळी केली. मास्तर पुन्हा चुकले. मग तिने ते पानाच्या तळाशी या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरवलं. मास्तरांनी अंगठा टाकला, आणि तिच्या पिशवीत फोन वाजला. तिने तो खरंच उचलला.

"बोला, काय हवंय?"

"काही नको," दोन हातांच्या अंतरावर बसलेले मास्तर म्हणाले. "नुसतं बघितलं, लागतो का."

दुपारी आधी बॅकअप घेऊन तिने सगळं खऱ्या वेबसाइटवर चढवलं. शनिवारी भाचीने ठरल्याप्रमाणे फोन केला, वेबसाइट उघडून बघितली आणि म्हणाली, "आत्या, हे बटण माझ्या डोक्यातच आलं नव्हतं गं."

"तुझा हात स्थिर आहे म्हणून."

पुढच्या महिन्यात थीमचं आणखी एक अपडेट आलं. सिस्टरने बॅकअप घेतला, आधी प्रतीवर करून पाहिलं, मग खऱ्यावर केलं. वीस मिनिटांत काम झालं. मग ती वॉकरच्या पायांची झिजलेली रबरं बदलायला बसली. नवी दादाने सकाळीच आणून ठेवली होती.