बाजारखेळाची फ्लॉपी

बारामतीत कम्प्युटर बघायला माणसं खिडकीशी गर्दी करायची, त्या काळात आप्पासाहेबांनी तो शिकवायचा क्लास काढला होता. त्याच आप्पासाहेबांना आता कोपऱ्यावरून आपलं घर सापडेना. त्यांची बायको कौसल्याबाई त्यांचा हात धरून चालायच्या आणि कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "डोळ्याला जरा कमी दिसतंय."

एक गोष्ट मात्र आप्पासाहेबांच्या डोक्यातून जात नव्हती. पोरांना हिशेब यावा म्हणून त्यांनी एकदा कम्प्युटरवर खेळ बनवला होता. सुपे गावचा बाजार, त्यात शेळ्या आणि कांदे. "श्रेयाला दाखवायचाय," नातीचं नाव घेऊन ते सारखं म्हणत. पण खेळ होता माळ्यावरच्या जुन्या कम्प्युटरात आणि त्यातलं विंडोज अठ्ठ्याण्णव काही केल्या सुरू होईना.

"हार्डडिस्क काढून फायली देतो, काकू," कम्प्युटर दुरुस्तीचा दुकानदार म्हणाला, "पण इतका जुना प्रोग्रॅम आताच्या मशीनवर चालायचा न्हाय. ह्यालाच उठवाय पायजे. त्याला बूट फ्लॉपी लागंल, मशीन सुरू करायची जुनी चकती. ती कुठनं आणायची?"

बाकीच्या दुकानांत तर फ्लॉपी म्हणजे काय, हेच सांगावं लागलं. शेवटी कौसल्याबाईंना रविराज आठवला. क्लासातला जुना विद्यार्थी, आता इंदापुरात त्याचं दुरुस्तीचं दुकान. कम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन त्या एसटीत बसल्या. भवानीनगर मागं पडलं तसं आप्पासाहेबांनी विचारलं, "कुणाकडं निघालोय आपण?"

"रविराजकडं."

"चांगला मुलगा," ते म्हणाले आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं.

रविराज पाया पडला. जुन्या फ्लॉप्यांचं खोकं त्यानं अजून ठेवलं होतं, पण निम्म्यांना बुरशी धरलेली. एक घातली, नुसतीच घरघरली. दुसरीनं पडद्यावर अक्षरं आणली. पण रविराजनं हार्डडिस्क उघडायला सी टाईप करताच उत्तर आलं, असा ड्राइव्हच नाही.

"गेलं सगळं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"न्हाय काकू. ही विंडोज पंच्याण्णवची निघाली, तीबी पहिल्या आवृत्तीची. तिला ह्या डिस्कची मांडणीच कळत न्हाय. अठ्ठ्याण्णवची पायजे."

खोक्याच्या तळाशी ती सापडली. फ्लॉपी कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकू लागला. ह्या वेळी सी ड्राइव्ह उघडला. रविराज हरखून खुर्चीवरून उठला. "बसा सर. पुढचं तुमीच करा. तुमीच तर शिकवलंय."

आप्पासाहेब बसले. बोटं बरोबर कीबोर्डवर ठेवली आणि तिथंच राहिली. कर्सर लुकलुकत होता. त्यांनी एक अक्षर दाबलं, पुसलं. मग मान वळवून बायकोकडं पाहिलं. वर्गात उत्तर न येणारं पोर बघतं, तसं. कौसल्याबाईंना काय सांगावं कळेना; त्यांना कम्प्युटर कधी आलाच नव्हता. रविराजनं काय ते ओळखलं. आपण हे काय करून बसलो, असं त्याला झालं. तो वाकला आणि सरांच्या खांद्यावरून हात घालून त्यानं हळूच खेळाचं नाव टाईप केलं.

बाजार उघडला. हिरव्या रेषांच्या शेळ्या, पिवळ्या ठिपक्यांचे कांदे. एक शेळी मान हलवत होती.

आप्पासाहेबांचा चेहरा फुलला. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग कौतुकानं म्हणाले, "काय सुरेख केलंय! कुणी बनवलंय गं हे?"

"तुमी," कौसल्याबाई म्हणाल्या.

ते हसले. "चेष्टा करतेय," रविराजला म्हणाले. "मला कुठलं यायला असलं?"

कौसल्याबाईंनी फोन काढला. श्रेयाला व्हिडिओ कॉल करून खेळ दाखवायचं ठरलं होतं. त्यांनी तो तसाच हातात धरला आणि पडद्याकडं पाठ करून त्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. आतून आप्पासाहेबांचा आवाज येत होता, "ह्या माणसाला भेटायला पायजे, रविराज. कुठं राहतो हा?"